हत्याराचा मान आणि हाताचा मान
(खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात कोल्हापुरात प्रौढांच्या रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)

तुम्ही दिवसभर राबून येथे येता. कोणी फाउंड्रीत वाळूचे साचे भरून येते. कोणी मार्केट यार्डात पोती उचलून येते. कोणी चार घरची धुणीभांडी उरकून येते. तेव्हा मी लांबण लावणार नाही.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या कामाच्या जागी त्या दिवशी पूजा होईल. यंत्रांना झेंडूचे हार पडतील. नारळ फुटेल. पेढे वाटले जातील. त्याविषयीच मला आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी काही शास्त्री-पंडित नव्हे. उद्यमनगरात चाळीस वर्षे लेथवर काम केलेला माणूस आहे. जे पाहिले आणि जे चुकले, तेच सांगतो.

पहिल्यांदा खंडेनवमी म्हणजे काय ते बघू. आश्विन महिन्यातल्या शुद्ध नवमीला आपण खंडेनवमी म्हणतो. दुसऱ्या दिवशी दसरा. खंडा म्हणजे तलवार. या दिवशी हत्यारांची पूजा करायची चाल फार जुनी आहे. पांडवांची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. अज्ञातवासात जाताना त्यांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर लपवून ठेवली. वर्ष सरल्यावर ती खाली उतरवली. तो दिवस विजयादशमीचा, असे सांगतात.

गोष्ट जुनी आहे, पण तिच्यामागे व्यवहारही आहे. पूर्वी पावसाळा संपला की फौजा मुलूखगिरीला निघत. दसऱ्याला सीमोल्लंघन करत. चार महिने पावसात पडलेल्या तलवारीला गंज चढणारच. निघण्याआधी ती काढायची, घासायची, धार बघायची. मूठ सैल झाली असेल तर घट्ट करायची. म्हणजे पूजेच्या आधी साफसफाई आणि दुरुस्ती आलीच. गंजलेल्या तलवारीला हळदकुंकू वाहून लढाईत भागते का? भागत नाही.

पुढे लढाया संपल्या. तलवारी भिंतीवर गेल्या. पण चाल राहिली, आणि ती कष्टाच्या हत्यारांकडे आली. सुताराचा रंधा, गवंड्याची थापी, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, सगळे पाटावर आले. आपल्या कोल्हापुरात तर कारखाने वाढले. १९०६ साली शाहू महाराजांनी कापडाची गिरणी काढली. आज ती बंद आहे, पण एके काळी तिच्या भोंग्यावर शहर उठत असे. शेजारी इचलकरंजीत त्याच्याही आधी, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. मग उद्यमनगरात तेलावर चालणारी इंजिने होऊ लागली. ती इंजिने नदीचे पाणी उसाला चढवू लागली. त्यामागून शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे कारखान्यांच्या वसाहती झाल्या. जेथे जेथे यंत्र गेले, तेथे तेथे खंडेनवमी गेली. एसटीच्या डेपोत गाड्या धुऊन हार घालतात, तीही हीच पूजा.

ही चाल आपल्या एकट्याची नाही. खाली कर्नाटकात हीच आयुधपूजा. तिकडे बंगालमध्ये सप्टेंबर महिन्यात, बहुतेक १७ तारखेला, कारखान्यांतून विश्वकर्म्याची पूजा होते. म्हणजे काय, जो हाताने काम करतो, त्याला आपल्या हत्याराविषयी माया वाटतेच. मग तो कोठलाही असो.

आता एक प्रश्न विचारतो. आपल्या शेतकऱ्यांचा बेंदूर असतो. त्या दिवशी बैलाला धुतात, शिंगे रंगवतात, पुरणपोळी चारतात. पण बेंदराची खरी खूण कोणती? झूल? नव्हे. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, ही खरी खूण. वर्षभर ज्याने ओढले, त्याला एक दिवस विसावा. त्याच्या खांद्याला जखम आहे का, खूर फुटला आहे का, हे मालक बघतो. जो शहाणा शेतकरी आहे, तो रंगाआधी खांदा बघतो.

खंडेनवमीलाही यंत्राचे जू उतरते. पण यंत्राबरोबर एक हात असतो. त्या हाताकडे कोण बघते? हे मला शिकायला फार मोठी किंमत पडली. माझ्या नव्हे, दुसऱ्याच्या हाताची.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. एका लहान कारखान्यात कामाला होतो. त्याचे नाव मी सांगत नाही. त्या काळी आमचे लेथ पट्ट्यावर चालत. वर एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून पट्टा खाली येई. पट्ट्यात कुणाचा हात जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी जाळी बसवलेली असे. खंडेनवमीला मला वाटले, चाकाला हार घालावा, शोभा येईल. जाळी आड येत होती. मी चार बोल्ट सोडवले आणि ती काढून कोपऱ्यात ठेवली. चाकाला छान हार घातला. सगळे म्हणाले, “वा, झकास!”

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी काम तुंबलेले. सकाळी आल्या आल्या हार ओढून काढला आणि यंत्र चालू केले. जाळी कोपऱ्यातच राहिली. माझ्या हाताखाली एक पोरगा होता. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. लोखंडाचा कीस गोळा करायला तो वाकला. त्याच्या सदऱ्याची बाही लांब होती. ती पट्ट्यात गेली.

त्याची दोन बोटे गेली, मंडळी.

लोक म्हणाले, “नशीब, हात वाचला.” कोणी म्हणाले, “पूजेत काहीतरी कमी पडलं असेल.” पूजेत काही कमी पडले नव्हते. नारळ होता, उदबत्ती होती, हार होता. चार बोल्ट कमी पडले होते. आणि ते मी सोडवले होते. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे कोणाला सांगितली नाही. आज सांगतो, कारण पुढच्या आठवड्यात तुमच्यापैकी कोणीतरी असाच हार हातात घेऊन उभा असेल.

पुढे मी दुसऱ्या कारखान्यात गेलो. तेथे आमचे वस्ताद मुसलमान होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. वेल्डिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पहिल्या खंडेनवमीला मी बघत होतो, आता चाचा काय करतात. ते सकाळी सगळ्यांच्या आधी आले. आपले यंत्र त्यांनी चिंधीने पुसले. केबल हाताने चाचपून बघितली. एका जागी वरचे रबर फाटले होते, तेवढा तुकडा कापून टाकला. धरायचा चिमटा सैल होता, तो बदलला. मग हात धुऊन बाजूला उभे राहिले.

कोणीतरी कुंकवाची वाटी त्यांच्यापुढे धरली. चाचा हसून म्हणाले, “ते तुम्ही लावा बाबा. माझं काम झालं.”

तो माणूस अडून बसला. “असं कसं चाचा? आज सगळ्यांनी लावायचं असतंय.”

तेव्हा मालक स्वतः पुढे आले. म्हणाले, “अरे, तुम्ही यंत्राला ओवाळताय, त्यांनी यंत्राची नाडी बघितली. जबरदस्ती कशाला? चाचा, पेढा मात्र घ्यायचा.”

चाचांनी पेढा घेतला. पुढे रमजान ईदला त्यांच्या घरचा शीरखुर्मा डब्यातून आला, तो आम्ही सगळ्यांनी खाल्ला. आपल्या मुलखात हे काही नवल नाही. शिरोळ तालुक्यात कुरुंदवाडला काही मशिदींत गणपती बसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. सणात बोलावणे असावे, ओढणे असू नये. कारखाना हे काही एका घरचे देवघर नव्हे. तेथे नाना जातीधर्माचे लोक एका छपराखाली भाकरी कमावतात. काहींचा तर दसऱ्याचा अर्थच निराळा असतो. १९५६ साली १४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या मुहूर्तावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आपल्या शेजारच्या यंत्रावरचा माणूस तो दिवस त्या आठवणीने पाळत असेल. त्याने आरतीत टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून तो परका होत नाही.

एक मात्र चाचांनी मला त्या दिवशी विचारले. “हार घालायच्या आधी जाळी काढलीस का?” मी म्हणालो, “न्हाई.” ते म्हणाले, “शाबास. हार जाळीला घाल. खरी राखण तीच करते.” त्यांना माझी जुनी गोष्ट कोणी सांगितली होती, मला माहीत नाही. त्या वर्षापासून मी हार जाळीलाच घालत आलो.

आता मावशींची गोष्ट सांगतो, आणि ती नीट ऐका.

आमच्या कारखान्यात एक मावशी झाडलोट करायला येत. लोखंडाचा कीस गोळा करणे, तेल सांडले की त्यावर भुसा टाकणे, पिण्याचे पाणी भरणे, सगळे त्यांच्याकडे. खंडेनवमीला तर पहाटे पाचला येत. सगळी फरशी धुऊन काढत. दारात रांगोळी घालत. मग आम्ही धुतलेले कपडे घालून येत असू.

पूजा झाली की मालक हजेरीपट घेऊन उभे राहत. एकेकाचे नाव वाचत. ज्याचे नाव येई, त्याला पेढ्यांचा पुडा, एक टॉवेल आणि पाकीट मिळे. नावे वाचायला सुरुवात झाली की मावशी हळूच दाराबाहेर जाऊन उभ्या राहत. त्या ठेकेदाराकडून येत. हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते. कधी पुड्यातले पेढे उरले तर कोणीतरी नेऊन देई. माझ्याही हातात पुडा असे. मीही दरवर्षी बघत असे आणि गप्प बसत असे.

एका वर्षी मात्र निराळे घडले. आमच्यात एक भट्टीवाला होता. तो तुमच्यासारखाच रात्रीच्या वर्गाला जाऊन नुकता वाचायला शिकला होता. नवे वाचायला आले की माणूस दिसेल ते वाचतो. त्याने भिंतीवर लावलेली यादी बोट ठेवून वाचली. मग मोठ्याने म्हणाला, “मालक, एक नाव राहिलंय.”

“कुणाचं रे?”

“मावशींचं.”

मालक म्हणाले, “त्या आपल्याकडं नाहीत. ठेकेदाराच्या आहेत.”

तो म्हणाला, “व्हय. पण झाडू तर आपल्याच कारखान्यात मारत्यात.”

सगळे गप्प झाले. मालकांनी खिशातून पेन काढले. म्हणाले, “बरोबर आहे. सांग, काय लिहू? मावशींचं नाव काय?”

मंडळी, आम्ही तेवीस जण होतो. बारा वर्षे आम्ही त्या बाईच्या हातचे पाणी पीत होतो. एकालाही त्यांचे नाव माहीत नव्हते.

शेवटी चाचा दाराशी गेले आणि म्हणाले, “ताई, तुमचं नाव सांगा.” मावशींनी पदर नीट केला आणि आपले नाव सांगितले. नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. अगदी खणखणीत. मालकांनी ते यादीत लिहिले. मी ते नाव येथे घेत नाही. त्यांना न विचारता छापून काढणे बरे नव्हे.

मग त्या भट्टीवाल्याने आणखी एक काम केले. मावशींचा झाडू आणला आणि पाने, कानशी, हातोडे यांच्या शेजारी पाटावर ठेवला. कोणीतरी कुरकुरले, “झाडू कशाला?” तेव्हा मावशीच म्हणाल्या, “घरी लक्ष्मीपूजनाला केरसुणी पुजत न्हाईसा व्हय?”

कोणाला उत्तर देता आले नाही. खरेच तर आहे. दिवाळीत आपण नवी केरसुणी आणतो, तिला लक्ष्मी म्हणतो, हळदकुंकू वाहतो. मग कारखान्यातला झाडू तेवढा कमी का? तेलावरून पाय घसरून माणूस पडला नाही, ते त्या झाडूमुळेच ना?

या कोल्हापूरला हा धडा जुना आहे. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. कामाच्या जागीच, बरोबरच्या माणसांकडून. शाहू महाराजांनी ते ऐकले. पुढे महाराजांनी त्यांना स्वतःचे हॉटेल काढायला मदत केली. हॉटेलचे नाव सत्यसुधारक. महाराज आपली गाडी तेथे थांबवत, स्वतः चहा पीत आणि बरोबरच्यांनाही पाजत. छत्रपतींनी कप तोंडाला लावला, मग दुसऱ्यांना नाही कसे म्हणता येईल? एका कपाने जे झाले, ते पुष्कळ भाषणांनी झाले नसते. सणाच्या दिवशी आपण पेढा वाटतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी. पेढा सगळ्यांच्या हाती पडला तर तो प्रसाद. नाहीतर ती नुसती मिठाई.

आता थोडे कायद्याचे बोलू. सणाची सुट्टी आणि दिवाळीचा बोनस ही कोणाची मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्रात २०१७ साली दुकाने आणि कचेऱ्यांसाठी नवा कायदा झाला. त्यात सणाच्या आठ भरपगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. राहिलेल्या चार मालक आणि नोकर यांनी मिळून ठरवायच्या. मिळून, हा शब्द लक्षात ठेवा. ठरवायला बसाल तेव्हा ज्यांचे सण वेगळे आहेत, त्यांनाही विचारा.

बोनसचा कायदा १९६५ साली झाला. कमीत कमी ८.३३ टक्के बोनस, असे त्यात नंतर ठरले. हा आकडा कोठून आला? वर्षाचे महिने बारा. शंभराला बाराने भागा. ८.३३ येतात. म्हणजे बारा महिन्यांच्या कामावर एका महिन्याचा पगार. पुढे २०१९ साली वेतनाचा नवा कायदा मंजूर झाला, त्यातही हाच हिशेब धरला आहे. कोणता पगार हिशेबात धरायचा याला मर्यादा आहेत, आणि कायदा कोणत्या कारखान्याला लागू होतो हेही ठरलेले आहे. तेव्हा आपल्या बाबतीत काय आहे ते विचारून घ्या. पण विचारायला लाजू नका. आणि पाकिटावरचा आकडा वाचून मगच सही करा. आता तुम्हाला अंगठा उठवायचे कारण राहिले नाही.

वर्गणीचेही तसेच. पूजेला वर्गणी काढायची तर ती खुशीची असावी. कोणाला नसेल द्यायची, तर त्याचे नाव पुकारू नये. जमा किती, खर्च किती, हे कागदावर लिहून भिंतीवर लावावे. हार इतक्याचे, नारळ इतक्याचे, पेढे इतक्याचे, शिल्लक इतकी. ते लिहायचे काम या वर्गातल्या माणसाने मागून घ्यावे. हिशेब उघडा असला की भांडण होत नाही.

शेवटी, खंडेनवमीच्या दिवशी काय करायचे ते थोडक्यात सांगतो.

पूजेआधी मुख्य बटण बंद करा. चालत्या यंत्राला कधीही हार घालू नका.

आधी पुसा, तेल घाला, सैल झालेले बोल्ट आवळा. मग हळदकुंकू.

विजेच्या पेटीवर पाणी शिंपडू नका. तिच्यावर लांबूनच फूल ठेवा.

उदबत्ती आणि निरांजन तेलाच्या चिंध्यांपासून, रंगाच्या डब्यांपासून आणि गॅसच्या टाकीपासून दूर ठेवा.

कोहळा फोडला तर रस्त्यावर टाकू नका. त्याच्या गरावरून दुचाकी घसरते. तो उचलून बाजूला करा.

काम पुन्हा सुरू करताना यंत्रावरचे हार, दोरे, फुले सगळे काढा. जाळी जागेवर आहे का, ते हात लावून बघा. नंतरच बटण दाबा.

आणि यादी वाचून बघा. रखवालदार, हमाल, झाडणाऱ्या बाई, ठेकेदाराची पोरे, सगळी नावे आहेत का? एखादे नाव राहिले असेल तर तुम्ही बोला. मी पुष्कळ वर्षे बोललो नाही. वाचता तर मला येत होते.

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण सगळे दसरा चौकात जाऊ. अंबाबाईची पालखी येईल. सोने लुटले जाईल. त्या चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे, आणि तेथेच मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी काढलेले बोर्डिंगही आहे. सगळ्यांना पुरेल एवढी जागा त्या एका चौकात आहे. तेवढी आपल्या कारखान्यातही असू द्या.

आपट्याचे पान पहिल्यांदा कोणाला द्यायचे, ते घरातून निघतानाच ठरवा. आमच्या कारखान्यात त्या वर्षापासून आम्ही ते मावशींना देत आलो. नाव घेऊन देत आलो.

आता पाटी घ्या. आपल्या कामाच्या जागी जेवढी माणसे आहेत, त्यांची नावे लिहायला लागा. ज्याचे नाव येत नसेल, त्याला उद्या विचारून या.